मरणाची भीती मतपेटीपर्यंत कशी पोचते

प्रश्न असा आहे: एरवी समंजस असणारी माणसं हल्ल्याची, साथीची किंवा युद्धाची बातमी आली की एका नेत्याला घट्ट धरून बसतात आणि कालपर्यंत ज्यांच्याशी उठबस होती त्यांनाच पाण्यात पाहू लागतात. यामागे मरणाची भीती असते का? असली तर ती नेमकी कुठून शिरते, आणि अशा माणसाशी बोलायचं कसं?

असते. पण ती भीती म्हणून जाणवत नाही, सगळी गोम तिथंच आहे. घाम फुटत नाही, छाती धडधडत नाही. माणूस स्वतःला घाबरलेला समजतच नाही. आपण जागे झालो, आता गप्प बसायचं नाही, असं त्याला वाटतं. मरणाचा विचार मनात ठळक असतो तोवर तो राजकारणाकडे वळत नाही. तो विचार जरा बाजूला सरला, माणूस दुसऱ्या कामाला लागला, की मागच्या दारानं तो निष्ठेत आणि द्वेषात शिरतो. हा क्रम लक्षात घेतला नाही तर उपाय बरोबर असूनही चुकीच्या वेळी केला जातो.

आधी मूळ कल्पना. आपण एक दिवस मरणार हे पक्कं ठाऊक असूनही माणूस रोज उठतो आणि कामाला लागतो. हे त्याला जमतं कसं? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट बेकर यांनी 1973 मध्ये यावर मांडणी केली. माणूस आपल्या देहापेक्षा जास्त टिकणाऱ्या कशाशी तरी स्वतःला बांधून घेतो: राष्ट्र, धर्म, घराणं, पक्ष, विचारसरणी. मी जाईन, पण ज्याचा मी आहे ते राहील. जेफ ग्रीनबर्ग, शेल्डन सॉलोमन आणि टॉम पिझिन्स्की या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1986 पासून ही कल्पना प्रयोगांतून तपासायला घेतली. तिला टेरर मॅनेजमेंट थिअरी म्हणतात. यातला 'टेरर' म्हणजे दहशतवाद नव्हे. मरणाच्या जाणिवेनं पोटात येणारा गोळा.

या मांडणीनुसार माणूस दोन आधारांवर उभा असतो. पहिला, 'जग आम्ही मानतो तसंच आहे' हा विश्वास. दुसरा, 'त्या जगात मला किंमत आहे' ही खात्री. मरण आठवलं की दोन्ही आधार घट्ट धरले जातात. आता शेजारी असा माणूस आहे जो वेगळं मानतो आणि तरी सुखानं जगतो. त्यानं काही केलेलं नसतं. पण त्याच्या नुसत्या असण्यातून शंका येते की आपलं खरं हे एकमेव खरं नसेल. म्हणून या भांडणांत जमीन, नोकऱ्या, पैसा हे विषय तोंडी असले तरी ते मिटवून भांडण मिटत नाही. अशा वेगळ्या माणसाबाबत चार गोष्टी होतात: त्याला हलकं ठरवायचं, त्याला आपल्यात ओढायचं, त्याची निरुपद्रवी गाणी-गोष्टी तेवढ्या उचलून बाकीचं नाकारायचं, किंवा त्याला संपवायचं. पहिली पायरी शब्दांची असते, त्यामुळे ती कोणी गांभीर्यानं घेत नाही. लक्ष ठेवायचं असेल तर तिथंच ठेवायला हवं.

हे तपासतात कसं ते सांगतो, कारण पद्धत समजली की यंत्रणाही समजते. एका कागदावर दोन प्रश्न देतात. स्वतःच्या मृत्यूच्या विचारानं मनात काय येतं ते थोडक्यात लिहा. आणि मरताना व मेल्यावर तुमच्या देहाचं काय होईल असं वाटतं ते जमेल तितकं नेमकं लिहा. दुसऱ्या गटाला तसेच दोन प्रश्न, पण दातदुखीबद्दल किंवा परीक्षेबद्दल. दातदुखी मुद्दाम निवडलेली आहे. तीही नकोशीच वाटते, म्हणून दोन गटांत फरक पडला तर तो नुसत्या अस्वस्थतेचा नसतो. यानंतर काही मिनिटं भलतंच काम देतात: एखादी लांबलचक प्रश्नावली, एखादं कोडं. आणि मगच खरा प्रश्न विचारतात.

1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या टूसॉन शहराचे 22 न्यायाधीश होते. वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एक कल्पित प्रकरण त्यांना दिलं आणि जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली. मरणाबद्दल न लिहिलेल्यांची सरासरी 50 डॉलर. लिहिलेल्यांची 455 डॉलर. न्यायाधीशांचं कामच मुळी निःपक्ष राहण्याचं, आणि त्यांना विचारलं असतं तर त्या दोन प्रश्नांचा आपल्यावर परिणाम झाला असं त्यांतल्या कोणीही मान्य केलं नसतं. त्याच मालिकेत पुढे असंही दिसलं की आपल्या मूल्यांसाठी धाडस करणाऱ्याला बक्षीस द्यायचं असेल तर तेही वाढतं. शिक्षा आणि आरती दोन्ही एकाच झऱ्यातून येतात.

मधली ती काही मिनिटं फार महत्त्वाची आहेत. मरणाचा विचार ताजा असतो तेव्हा माणूस सरळ बचाव करतो: 'मी धडधाकट आहे', 'ते इथून लांब घडलंय', 'उद्यापासून व्यायाम'. किंवा विषय बदलतो. विचार जाणिवेतून बाहेर पडला पण पूर्ण विझला नाही, अशा अवस्थेत प्रतीकांचा बचाव सुरू होतो. ही अवस्था मोजायला अर्धवट शब्द वापरतात. मूळ प्रयोग इंग्रजीत आहेत, पण मराठीत कल्पना सहज कळते. 'प्रे_' असं लिहून जागा भरायला सांगा. कोणी 'प्रेम' लिहील, कोणी 'प्रेत'. 'सर_' द्या, 'सरळ' किंवा 'सरण'. मरणाची आठवण दिल्यावर लगेच विचारलं तर प्रेत आणि सरण फारसे येत नाहीत, कारण मन विचार दाबून धरत असतं. मध्ये थोडा वेळ आणि दुसरं काम गेलं की ते वाढतात. नेमकं त्याच वेळी माणूस झेंड्याकडे, नेत्याकडे, गटाकडे ओढला जातो.

हा क्रम टीव्हीच्या बातम्यांना लावून पाहा. हा माझा निष्कर्ष आहे, प्रयोगाचा नव्हे. पण रचना हुबेहूब तीच आहे. आधी प्रेतं, रक्त, रडणारे नातेवाईक. मग जाहिराती, साबण आणि मोटारी. मग चर्चा, ज्यात एक बाजू रक्षक आणि दुसरी गद्दार. जाहिरातींची ती मिनिटं म्हणजे प्रयोगातली मधली प्रश्नावली. हे कोणी मुद्दाम आखलेलं असायची गरज नाही.

राजकीय निष्ठेवरचे थेट प्रयोग 2004 च्या सुमाराला झाले. एका प्रयोगात तीन कल्पित उमेदवार दिले: एक कामाची आखणी सांगणारा, एक सर्वांना बरोबर घेऊन जाऊ म्हणणारा आणि एक 'तुम्ही सामान्य नाही, तुम्ही एका महान राष्ट्राचा भाग आहात' असं सांगणारा. एरवी तिसऱ्याला मोजकीच मतं मिळत होती. मरणाच्या आठवणीनंतर ती कित्येक पटींनी वाढली. सर्वांना बरोबर घेऊ म्हणणाऱ्याची घटली. तिसरा काम जास्त चांगलं करेल असं कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. तो जे विकत होता ते म्हणजे टिकून राहण्यातला वाटा. प्रचारातले 'अस्तित्वाचा प्रश्न', 'शेवटची संधी', 'ते आपल्याला संपवतील' हे शब्द एकदा या कानांनी ऐकले की त्यांचं काम कळतं: ते एकाच वाक्यात मरण दाखवतात आणि औषधही देतात.

प्रयोगशाळेबाहेरचे आकडेही आहेत. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याआधी मतचाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेच्या पाहणीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना 51 टक्के लोकांची पसंती होती. त्याच महिन्याच्या अखेरीस ती 90 टक्क्यांवर गेली. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या नोंदीत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना 2000 मध्ये 28 होत्या, 2001 मध्ये 481. पसंतीचा आणि द्वेषाचा आलेख एकाच वेळी वर गेला. पुढे 2002 पासून तिथं धोक्याची पाच रंगांची सूचना-पद्धत होती. सरकारनं धोक्याचा इशारा दिला की अध्यक्षांची पसंती वाढते, असं त्या काळातल्या आकड्यांच्या अभ्यासात दिसलं. इस्रायलच्या निवडणुकांच्या अभ्यासात मतदानाआधीच्या तीन महिन्यांत एखाद्या गावात हल्ला झाला तर तिथं उजव्या गटाची मतं 1.35 टक्के अंकांनी वाढलेली आढळली. आकडा छोटा वाटेल, पण अटीतटीच्या निवडणुकीत एवढ्यावर सरकारं बदलतात.

मात्र भीती नेहमी सत्ताधाऱ्याच्याच पदरात पडते असं नाही. स्पेनची राजधानी माद्रिदमध्ये 11 मार्च 2004 ला रेल्वेगाड्यांत स्फोट झाले, 190 हून जास्त माणसं गेली, आणि तीनच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला. सरकारनं स्फोटांचं खापर घाईनं देशातल्याच फुटीरतावादी बास्क संघटनेवर फोडलं होतं आणि पुरावे वेगळीकडे बोट दाखवत होते. रक्षकाची भूमिका ज्याच्याकडे आहे तोच आपल्याला फसवतोय असं वाटलं तर तोच आधार कोसळतो. म्हणून 'हल्ला झाला म्हणजे अमुक जिंकणार' हे गणित आंधळेपणानं मांडू नका.

सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग 2006 चा. इराणमधल्या विद्यार्थ्यांना मरणाची आठवण दिल्यावर अमेरिकेविरुद्धच्या आत्मघाती हल्ल्यांचं समर्थन करणारा विद्यार्थी जास्त पटला. अमेरिकेतल्या परंपरावादी विद्यार्थ्यांना तशीच आठवण दिल्यावर टोकाचं लष्करी बळ वापरणं जास्त पटलं, त्यात निरपराध मेले तरी. म्हणजे एका बाजूचं प्रत्युत्तर ही दुसऱ्या बाजूसाठी मरणाची ताजी आठवण असते. दोघंही मनापासून समजतात की आपण फक्त बचाव करतोय.

आता या संशोधनाची कच्ची बाजू, कारण ती लपवून उपाय सांगणं बरं नाही. 2010 मध्ये 277 प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला आणि परिणामाची सरासरी 0.35 इतकी आली, जी मानसशास्त्रात चांगली समजतात. पण नंतर अनेक प्रयोगशाळांनी मिळून 1994 चा एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला, आणि तो परिणाम मिळाला नाही. मूळ संशोधकांचा सल्ला घेऊनही नाही. याचा अर्थ माझ्या मते असा: दोन प्रश्नांच्या कागदानं माणूस हमखास बदलतो असं समजू नये, आणि जुन्या प्रयोगांतले मोठमोठे फरक जसेच्या तसे धरू नयेत. शिवाय हल्ल्यानंतरच्या वागण्याला दुसरी कारणंही असतात: साधा संताप, अनिश्चितता, हातातून सगळं निसटल्याची भावना, अफवा, आणि द्वेष संघटितपणे पसरवणारी माणसं. मरणाची भीती हा या सगळ्यातला एक धागा. आणि विरोधकाला 'तू घाबरला आहेस म्हणून असं मत देतोस' म्हणायला हा सिद्धांत वापरणं तर सरळ गैरवापर आहे. विचारपूर्वक कडक धोरण मागणारी माणसंही असतात.

फरक ओळखायचा कसा? मागणी ठोस आहे का ते पाहा. 'रात्रीची गस्त वाढवा' ही मागणी पूर्ण होते आणि माणूस शांत होतो. 'त्यांना धडा शिकवा' ही कधीच पूर्ण होत नाही. दुसरं, नेत्याची एखादी साधी चूक दाखवली तर उत्तर त्या चुकीबद्दल येतं, की तुमच्या निष्ठेबद्दल? तिसरं, 'सगळ्यांनाच असं वाटतं' हे वाक्य किती वेळा येतं. जर्मनी आणि अमेरिकेत रस्त्यावर केलेल्या पाहणीत, अंत्यविधीच्या संस्थेसमोर थांबवून विचारलेल्या लोकांपैकी ज्यांचं मत अल्पमतात होतं, त्यांनी आपल्याशी सहमत असणाऱ्यांचं प्रमाण फुगवून सांगितलं; तिथून थोड्या अंतरावर विचारलेल्यांनी तसं केलं नाही.

आता बोलण्याकडे वळू. चुका आधी सांगतो, कारण नुकसान चुकांनी जास्त होतं.

पहिली चूक वेळेची. बातम्या पाहून उठलेल्या माणसाशी त्याच संध्याकाळी आकडेवारी घेऊन वाद घालायचा. ही सर्वात वाईट वेळ. त्या वेळी तुमचा आकडा त्याला आकडा वाटत नाही, हल्ला वाटतो. दुसरी, प्रतीकाची थट्टा. 1995 च्या एका प्रयोगात लोकांना कोडी सोडवायला दिली होती, ज्यांत राष्ट्रध्वज चाळणीसारखा किंवा क्रूस हातोडीसारखा वापरल्याशिवाय मार्ग नव्हता. मरणाबद्दल लिहिलेल्यांना त्याला जास्त वेळ लागला आणि जास्त अवघडल्यासारखं झालं. समोर कोणी दुखावणारं नव्हतं, नुसतं कापड आणि लाकूड होतं, तरी हात थबकले. त्या अवस्थेतल्या माणसाच्या नेत्यावर विनोद केला तर पुढचं संभाषण संपलं म्हणून समजा. तिसरी चूक चांगल्या हेतूची माणसंच करतात: 'हा नेता देश संपवेल, आपली मुलं जगणार नाहीत'. ही पुन्हा मरणाचीच आठवण आहे, आणि तिनं समोरचा त्याच्या खुंट्याला अजून घट्ट बांधला जातो, तुम्ही तुमच्या.

मग करायचं काय? आधी एक रात्र जाऊ द्या. नंतर बोलताना सुरुवात त्या माणसाच्या किमतीपासून करा, पण खोटी स्तुती नको. त्यानं खरंच केलेलं काही असेल, कोणाला रक्त दिलं असेल, कोणाचं मूल सांभाळलं असेल, तर त्याबद्दल त्यालाच बोलू द्या. पाच-दहा मिनिटं पुरतात. ज्याला स्वतःच्या मूल्यांची आठवण झाली आहे त्याच्यात मरणाच्या जाणिवेची ही प्रतिक्रिया कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. एक आधार भक्कम झाला की दुसरा इतका आवळून धरावा लागत नाही.

मग मूल्याकडे या, आणि ते त्याच्याच घरातलं हवं. हा भाग सर्वात कामाचा आहे. भीती माणसाला क्रूरतेकडे नेत नाही, जवळ असलेल्या मूल्याकडे नेते. त्या घडीला हाताशी कोणतं मूल्य आहे यावर सगळं ठरतं. 1992 च्या प्रयोगात सहिष्णुतेची आठवण करून दिल्यावर मरणाच्या विचारानं परक्याबद्दलचा राग वाढला नाही. 2009 मध्ये कट्टर धार्मिक अमेरिकनांना बायबलमधली करुणेची वचनं दिली आणि इराणमधल्या शिया विद्यार्थ्यांना कुराणातली. दोन्हीकडे मरणाच्या आठवणीनंतर शत्रूबद्दलची कठोरता कमी झाली. तीच करुणा धर्माचं नाव न घेता सांगितली तर तो परिणाम मिळाला नाही. म्हणून धार्मिक माणसापुढे राज्यघटनेचं कलम आणि कलम मानणाऱ्यापुढे पोथी ठेवू नका. त्याच्या गुरूनं, त्याच्या आजीनं, त्याच्या पक्षाच्या संस्थापकानं परक्याशी माणुसकीनं वागलेला एखादा प्रसंग त्याच्याच तोंडून काढा. 2011 च्या प्रयोगात वेगवेगळ्या समाजांतल्या कुटुंबांची साधी छायाचित्रं, एकत्र जेवणारी, खेळणारी, दाखवूनही अरबांबद्दलचा कडवटपणा निवळला. 'आपण सगळे एक' असं भाषण त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतरच धोरणावर या, तेही सावकाश. प्रश्न हिशेबी ठेवा: हा निर्णय उद्या झाला तर कोणाला, केव्हापासून, किती खर्चात, आणि फसला तर परत कसं फिरायचं? हिशेबाच्या मनःस्थितीत असलेल्यांवर मरणाच्या आठवणीचा परिणाम कमी होतो. तीच माणसं 'मनाला काय वाटतं ते सांगा' म्हटल्यावर लगेच वाहून जातात. म्हणून बैठकीत 'तुम्हाला कसं वाटतंय' हा प्रश्न सुरुवातीला ठेवू नका. चर्चा चालवणारे प्रेमापोटी नेमकं तेच करतात, आणि मग पुढचा अर्धा तास आग विझवण्यात जातो.

एक उपाय मात्र उलट दिशेचा आहे: मरणाबद्दल उघडपणे, तपशिलात बोलणं. पुसट, दाबलेली आठवण माणसाला गटाकडे ढकलते. पण स्पष्ट, स्वतःच्या आयुष्याला भिडणारा विचार वेगळं काम करतो. 2004 च्या एका प्रयोगात जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आगीत अडकून मरण्याची कल्पना सविस्तर करायला लावली, आणि शेवटी आपलं आयुष्य कसं होतं, घरच्यांना काय वाटेल, असे प्रश्न विचारले. एरवी पैशामागे धावणारे लोक त्यानंतर कमी हावरे वागले. नुसते दोन ठराविक प्रश्न दिलेले जास्त. हे काम घाईचं नाही. ताज्या दुर्घटनेनंतर, अनोळखी जमावात, किंवा ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झालाय त्याच्यासमोर ते करू नये. सहा-आठ जणांचा गट, एकमेकांना ओळखणारा, दीडेक तास हाताशी, आणि त्या दिवशी राजकारणाचा विषय नाही, एवढं जमत असेल तरच.

अशा गटात वयस्क माणसं असतील तर पहिलं बोलणं त्यांना द्या. 2007 च्या एका अभ्यासात मरणाच्या आठवणीनंतर तरुणांनी दुसऱ्यांच्या चुकांना जास्त कठोर ठरवलं, म्हाताऱ्यांनी मात्र नाही. आपल्या मरणाबद्दल आवाज न चढवता बोलणारा माणूस समोर बसला असेल, तर पंचविशीतल्या पोरालाही मूठ जरा सैल सोडता येते.